दहातला एक हिस्सा चिखल: अ‍ॅडव्हेंचर बाइकच्या टायरनिवडीचं एक प्रकरण

गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी. टायर पुढे ११०/८० आर १९, मागे १५०/७० आर १७ (आधी मिमीमधली रुंदी, मग रुंदीच्या टक्क्यांत उंची, शेवटी चाकाचा इंचांतला व्यास), चाकं तारांची पण ट्यूबलेस, टाकी भरून वजन २१६ किलो. चालक एकटा, हेल्मेट-बूट-जॅकेटसकट ८५ किलो. सामान ३५ किलो, त्यातलं बरंचसं मागे. प्रवास पावसाळी दिवसांतला, २,६०० किमीचा: १,९०० किमी डांबर, ४५० किमी खडी आणि टणक कच्चा रस्ता, २५० किमी चिकणमाती. चिखलाचे तुकडे साधारण १,१०० ते १,७०० किमीच्या दरम्यान येतात आणि त्यांना वळसा घालायला दुसरी वाट नाही. गाडीवरचे रस्त्याचे टायर झिजलेत, दोन्ही बदलायचेच आहेत. प्रश्न एवढाच, की त्यांच्या जागी काय बसवायचं.

टक्केवारी काय सांगते आणि काय लपवते

सरळ भागाकार केला तर ७३ टक्के डांबर, १७ टक्के खडी, १० टक्के चिखल. टायरच्या जाहिरातीतले ९०/१०, ८०/२०, ५०/५० हे आकडे (पहिला डांबराचा हिस्सा, दुसरा कच्च्या रस्त्याचा) समोर ठेवले की बोट आपोआप ८०/२० वर जातं. पण हे आकडे कुठल्याही ठरलेल्या चाचणीतून येत नाहीत. कंपनी आपल्या टायरचं वर्णन करते, एवढंच. एका कंपनीचा ८०/२० दुसरीच्या ७०/३० पेक्षा चिखलात बरा निघू शकतो.

शिवाय किलोमीटर मोजणं हीच गफलत आहे. तास मोजा. डांबरावर सरासरी ६५ चा वेग धरला तर २९ तास. खडीवर ४० च्या वेगाने ११ तास. चिकणमातीत ताशी २२ किमी निघाले तरी पुष्कळ, म्हणजे आणखी ११ तास. एकूण ५१-५२ तासांतला पाचवा हिस्सा चिखलात जातो, आणि दिवसभराचा बहुतेक दम त्याच वेळात संपतो.

निकाल मात्र तासांवरही ठरत नाही. तो ठरतो चूक कुठे भरून काढता येते यावर. बटण टायर, म्हणजे उंच, सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर, ओल्या डांबरावर कमी पकडतो, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेते. यावर उपाय चालकाच्या हातात आहे: वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. रस्त्याचा टायर चिखलाने भरला की हा उपाय चालत नाही. हळू गेलं तर टायर आणखी भरतो, जोरात गेलं तर पुढचं चाक हातातून जातं. एका बाजूची उणीव वेगाने भरून निघते, दुसऱ्या बाजूची निघत नाही, म्हणून इथे टायर चिखलाकडे झुकलेला हवा.

डांबरावर ८० च्या वेगाने पडणं चिखलात १५ च्या वेगाने पडण्यापेक्षा कितीतरी वाईट, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चिखलाकडे झुकायचं म्हणजे निव्वळ मोटोक्रॉसचे टायर लावायचे असं नाही. ओल्या रस्त्यावर मान टाकणार नाही इतपतच झुकायचं.

कसला चिखल

चिखल तीन तऱ्हेचा असतो, आणि तिन्हींवर टायरचा उपयोग वेगवेगळा. टणक तळावर दोन-तीन सेंटीमीटर पातळ चिखल असेल, तर बटणं तो कापून खालच्या जमिनीला टेकतात. इथे चांगला टायर खरोखर फरक पाडतो. चिकणमाती खोलवर भिजलेली असेल, तर पकड मातीच्याच ताकदीवर असते. बटण माती कापतं, पण मातीच सुटून येते. अशा ठिकाणी बटणांमधली माती फेकली जाते की नाही, यावर सगळं अवलंबून. तिसरा प्रकार तळच नसलेल्या दलदलीचा. तिथे २१६ किलोच्या गाडीला कुठलाच टायर वाचवत नाही. उतरून बुटाची टाच दाबून पाहा. टाच आत गेली आणि खाली काहीच लागलं नाही, तर टायरची चर्चा तिथेच संपते.

या मार्गावर पहिले दोन प्रकार आहेत, दुसरा जास्त.

टायरच्या नक्षीत काय पाहायचं

पहिली गोष्ट, बटणांमधली मोकळी जागा. टायर हातात घेऊन करंगळी दोन बटणांच्या मध्ये आडवी आणि उभी ठेवून पाहावी. दोन्हीकडे सहज बसली आणि खाच टायरच्या कडेपर्यंत उघडी असली, तर मातीला बाहेर पडायला वाट आहे. मधेच बंद होणारी किंवा टोकाला निमुळती होत जाणारी खाच चिकणमातीत पहिल्या शंभर मीटरमध्ये भरते, आणि मग त्या टायरवर नक्षी असून नसल्यासारखीच.

दुसरी गोष्ट, मधला पट्टा. काही टायरच्या मध्यावर सलग रबर असतं. त्याने डांबरावर टायर जास्त टिकतो, आवाज कमी येतो आणि सरळ रस्त्यावर गाडी ठाम वाटते. चिखलात मात्र तोच पट्टा घसरपट्टी होतो, कारण गाडी सरळ उभी असताना जमिनीला सगळ्यात आधी तोच टेकतो.

तिसरी, खांद्यावरची बटणं. पुढचं चाक सरीत किंवा चाकोरीत अडकलं की बाहेर काढायचं काम तीच करतात. ती नुसती नक्षीपुरती कोरलेली आहेत की खरोखर उंच आहेत, हे बाजूने पाहिल्यावर कळतं.

रुंदीचा मुद्दा लोक विसरतात. अरुंद टायर चिखल कापून तळाशी जातो, रुंद टायर वर तरंगतो. १९ इंची, ११० रुंदीचं पुढचं चाक २१ इंची, ९० रुंदीच्या चाकाच्या मानाने चिखलात आधीच मागे असतं. ते काही बदलायचं नाही, पण त्यामुळे पुढच्या टायरची नक्षी आणखी महत्त्वाची ठरते. मागचं चाक सरकलं तर थ्रॉटलने सांभाळता येतं. पुढचं सरकलं की बहुतेक वेळा गाडी खाली.

उमेदवार

हाइडेनाऊ के६० स्काउटचं पहिलं नाव येतं, कारण तो टिकतो. पण १५०/७० १७ या मापात त्याच्या मध्यावर सलग पट्टा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २,६०० किमीच्या प्रवासाला त्याचं दीर्घायुष्य लागतच नाही. जे आयुष्य वापरणार नाही त्याच्यासाठी चिखलातली पकड का सोडायची? लांबच्या, मुख्यतः डांबरी प्रवासाला तो उत्तम. इथे बाद.

पिरेली स्कॉर्पियन रॅली एसटीआर रेडियल (आतले धागे आडवे, काठापासून काठापर्यंत सरळ गेलेले) आहे, वेगाचं अक्षर व्ही म्हणजे ताशी २४० किमीच्या वेगासाठीचा. ओल्या रस्त्यावर या यादीत सगळ्यात निर्धास्त, खडीवर चांगला. त्याचे ठोकळे मोठे आणि त्यांतली जागा तुलनेने कमी, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या चिखलात निभावतो, दुसऱ्या प्रकारात लवकर भरतो. चिखल २५० ऐवजी ५०-६० किमी असता तर हाच घेतला असता.

उरले कॉन्टिनेंटल टीकेसी ८० आणि मिशलिन अनाकी वाइल्ड. दोघांचीही नक्षी उघडी, दोघांनाही सलग मधला पट्टा नाही. अनाकी वाइल्ड रेडियल आहे आणि आर म्हणजे १७० च्या वेगासाठीचा. टीकेसी ८० या मापांत बायस-बेल्टेड (धागे तिरके, वर पट्ट्यांचा थर), क्यू म्हणजे १६० चा. टीकेसीची चौकोनी बटणं कडेपर्यंत मोकळी खाच ठेवतात, आणि चिकणमाती झटकण्यात त्याचं नाव जुनं आहे. निर्णय: दोन्ही चाकांना टीकेसी ८०. ऐनवेळी माप मिळालं नाही तर दोन्हीकडे अनाकी वाइल्ड, आणि त्यात काही हरवलं असं समजायचं कारण नाही. एक चाक रेडियल आणि एक बायस असं मात्र करू नये, टायर कंपनीने ती जोडी स्पष्टपणे मान्य केलेली असल्याशिवाय.

क्यूचा अर्थ गंभीरपणे घ्यावा. गाडी १६० च्या पुढे जाऊ शकते, टायर नाही. स्पीडोमीटरजवळ तेवढ्या आकड्याची पट्टी चिकटवून ठेवावी.

वजनाचा हिशोब

११०/८० १९ चा भारांक ५९, म्हणजे २४३ किलो. १५०/७० १७ चा ६९, म्हणजे ३२५ किलो. या प्रकरणात गाडी, माणूस आणि सामान मिळून ३३६ किलो. गाडीचं वजन दोन्ही चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं, चालकाचं साधारण दोन तृतीयांश मागे, सामान जवळजवळ सगळं मागे धरलं, तर मागच्या चाकावर २०० ते २०५ किलो येतात. ३२५ च्या तुलनेत भरपूर जागा दिसते.

पण तो ३२५ चा आकडा टायरच्या कडेवर कमाल भारापुढे जी हवा लिहिलेली असते, त्या हवेचा आहे. चिखलासाठी हवा २५-२६ पीएसआयवर आणली की टायरची भार पेलायची ताकद बरीच घटते. म्हणून कमी हवेत सामानासकट ४० च्या वर जायचं नाही, हे पाळावंच लागतं. मागे ६५ किलोचा माणूस बसला तर हिशोब पार बदलतो, आणि अशा वेळी हवा ३० च्या खाली आणणं शहाणपणाचं नाही.

मडगार्ड: इथे सगळ्यात जास्त घात होतो

या गाडीचं पुढचं मडगार्ड खालचं, टायरला लागून बसलेलं. ते चाकाबरोबरच वर-खाली होतं, त्यामुळे सस्पेन्शन दबल्यावर घासण्याची भीती नाही. भीती आहे ती मातीची. बटण टायर रस्त्याच्या टायरपेक्षा थोडा उंच, त्यात चिकणमातीचा थर बसला की टायर आणि मडगार्ड यांच्यात माती ठेचून भरते. आधी चाक जड होतं, स्टिअरिंग मंद वाटतं, क्लच जास्त सोडावा लागतो. चालकाला वाटतं चिखल वाढला. थोड्या अंतरावर चाक पूर्ण अडकतं आणि गाडी जागच्या जागी आडवी होते. उत्तम नक्षीचा टायरही इथे हरतो, कारण बटणांमधून सुटलेली मातीच मडगार्डखाली जाऊन अडकते.

टायर बसवल्यावर मडगार्डखाली सगळीकडून बोट फिरवून अंतर पाहावं, खास करून मागच्या टोकाला आणि जिथे ते शॉकअपच्या नळ्यांना बांधलंय तिथे. चिकणमातीसाठी १५ मिमी कमीच. तीन उपाय: मडगार्ड वर उचलणाऱ्या पट्ट्या, वरच्या धाटणीचं मडगार्ड, किंवा चिखलाच्या तुकड्यापुरतं ते काढून ठेवणं. या गाडीत तिसरा उपाय जपून करावा. ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरच्या पुढच्या नळ्या पुढच्या चाकामागेच उघड्या आहेत, जमिनीपासूनचं अंतर फक्त १७० मिमी, आणि रेडिएटरही त्याच माऱ्यात येतो. मडगार्ड काढायचं असेल तर खाली स्किड प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आणि रेडिएटरवर जाळी हवीच. जाळीवर माती बसून इंजिन तापू लागलं, तर थांबून पाण्याने धुवावी. सुकल्यावर खरवडायला गेलं की रेडिएटरचे पातळ पंख वाकतात.

मागे चेनगार्ड आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यातली जागा तपासावी. चाक चेन-अ‍ॅडजस्टरमध्ये जितकं पुढे येऊ शकतं तितकं पुढे आणून मोजावं, नाहीतर नवी चेन टाकल्यावर टायर घासेल.

बसवताना

टायरच्या कडेवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेप्रमाणे, टायरवर रंगीत ठिपका असल्यास तो व्हॉल्व्हपाशी. बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या काठाला, साबणाचं पाणी भरपूर लावा, व्हॉल्व्हची सुई काढून हवा भरा, दोन्ही बाजूंनी फट्‍ आवाज येऊन बीड बसू द्या. टायरवर लिहिलेल्या कमाल हवेपुढे जाऊ नका. नाहीच बसलं तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. बीड बसल्याची खूण म्हणजे रिमच्या काठालगतची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर दिसते. एका जागी ती रिमखाली बुडालेली असेल तर तिथे बीड बसलेलं नाही, आणि ७० च्या वेगाला चाक उडू लागेल.

पुन्हा बॅलन्स करून घ्यावं. चेनचा ढिलेपणा आणि अ‍ॅक्सलचा टॉर्क पुस्तिकेप्रमाणे. पहिले १५०-२०० किमी सावकाश: नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला तेवढं अंतर लागतं, आणि उंच बटणांचं हलणं अंगवळणी पडायलाही.

हवा

सुझुकीचा एकट्या चालकासाठीचा आकडा पुढे ३३, मागे ३६ पीएसआय. दोघांसाठी मागे ४१. सामान धरून इथे डांबरावर ३३ आणि ३८ ठेवावं. खडीवर २८ आणि ३१. चिकणमातीत पुढे २३-२४, मागे २५-२६. याच्या खाली जाऊन मिळतं थोडं, जातं जास्त: दगडावर रिम वाकते, आणि ट्यूबलेस टायरचं बीड आडव्या झटक्याने सुटलं तर चिखलात ते परत बसवणं जवळपास अशक्य. ट्यूब असलेल्या गाडीवर धोका वेगळा. रिमवर टायर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे डांबरावरून येऊन तापलेल्या टायरची हवा सोडणं. २५ अंशाला ३६ असलेली हवा टायर ५० अंशाला गेला की ४० च्या आसपास दिसते. त्या अवस्थेत गेज पाहून २४ वर आणली, तर ओल्या मातीत टायर थंड झाल्यावर २१ च उरते. म्हणून गरम टायरवर इच्छित आकड्यापेक्षा तीन पीएसआय जास्त ठेवावेत, किंवा दहा-पंधरा मिनिटं थांबावं. गेज नेहमी एकच वापरावा. दोन गेजमध्ये दोन-तीनचा फरक सहज असतो.

चिखल संपून डांबर लागलं की लगेच हवा भरायची, पुढच्या गावात भरू म्हणायचं नाही. कमी हवेत सामानासह ७०-८० ने गेलं की टायरची कड आणि बटणांची मुळं तापतात. मागच्या टायरची बटणं तुकड्या-तुकड्यांनी निघाली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर या प्रवासात पंक्चर किटइतकाच गरजेचा.

गाडीवर बसल्यावर

या मॉडेलमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल बंद करता येतो, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मात्र बटणाने बंद होत नाही. चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल बंदच हवा. मागचं चाक थोडं फिरल्याशिवाय बटणांतली माती उडत नाही, आणि चाक फिरू लागताच यंत्रणा ताकद तोडते. गाडी ओढेनाशी झाली की क्षणभर थ्रॉटल देऊन चाक फिरवावं, माती उडू द्यावी, मग शांत. सतत फिरवत राहिलं तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं. उतारावर एबीएस चालू असल्याने गाडी थांबायला वेळ घेते हे धरून पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरावं.

ओल्या डांबरावर पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पुलांचे सांधे गाडी सरळ उभी ठेवून ओलांडावेत. बटण टायर झुकल्यावर आधी बटणं दबतात, मग पकडतात. त्या मधल्या क्षणी गाडी किंचित सरकल्यासारखी वाटते. नव्या माणसाला तो घसरण्याचा भास होतो आणि तो ब्रेक दाबतो. तिथेच खरी घसरण होते.

चिखलातले पहिले दोनशे मीटर झाल्यावर उतरून टायर पाहावा. मध्यावरच्या खाचा तळापर्यंत दिसत असतील तर सगळं ठीक. मध्य भरलेला आणि खांद्यावरची बटणं तेवढी उघडी असतील, तर वेग फार कमी आहे किंवा हवा अजून जास्त आहे. संपूर्ण टायर मातीचा गुळगुळीत गोळा झाला असेल, तर काठी घेऊन साफ करा आणि पाऊस थांबेपर्यंत थांबणं परवडतं का ते ठरवा. चिकणमातीचा वरचा थर काही तासांच्या उन्हाने बदलतो, आणि तो बदल महागड्या टायरपेक्षा मोठा असतो.

डांबरावर परत आल्यावर ७० ला हँडल थरथरलं तर लगेच टायरला दोष देऊ नये. रिमच्या आतल्या बाजूला सुकलेल्या मातीचा पट्टा बसलेला असतो. आधी तो धुवावा.

झीज आणि पुढचं

या वजनाच्या गाडीवर मागचा टीकेसी ८० साधारण ५,००० किमीच्या आसपास संपतो, जड हाताने त्याआधीच. नवीन असताना बटणांची उंची १० मिमी मोजली गेली आणि २ मिमीवर टायर बाद धरला, तर हजार किमीला १.६ मिमी जातात. चिखल सुरू होताना, ११०० किमीवर, सव्वाआठ मिमी शिल्लक, संपताना सव्वासात. म्हणजे चिखलाच्या पूर्ण पट्ट्यात बटणं दोन तृतीयांशाहून उंच. हाच चिखल प्रवासाच्या शेवटी, दुसऱ्या हजारानंतर आला असता आणि त्यातही डांबरावर वेग जास्त ठेवला असता, तर मागचा टायर वाटेत बदलायची तयारी ठेवावी लागली असती. झीज वाचवायची असेल तर डांबरावर ९० च्या आत राहणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय. मागच्या टायरच्या मध्यावरची बटणं वेगानेच खाल्ली जातात.

प्रवास संपल्यावर मागे सुमारे ६ मिमी उरतील. एवढ्या बटणांवर खडी आणि कोरडा कच्चा रस्ता आरामात होतो, चिकणमाती नाही. पुढचा टायर बराच शाबूत असेल, पण ब्रेकमुळे बटणांच्या कडा एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने गोल झालेल्या दिसतील, हँडलला घरघर जाणवेल. मागचा संपला की फक्त मागे नवा घालायचा मोह होतो. बोट फिरवून पाहावं: धार हाताला टोचत असेल आणि खांद्यावरची बटणं कमी-जास्त उंचीची झाली असतील, तर चिखलाच्या पुढच्या प्रवासाला दोन्ही एकदम बदलावेत. फक्त डांबर असेल तर पुढचा तसाच संपवायला हरकत नाही.